सगळ्यात आधी, ते चकचकीत करू नका

वाचकाचे पत्र:

माझे मामा दोन वर्षांपूर्वी निवर्तले. परवान्याचे सगळे सोपस्कार पूर्ण झाल्यावर त्यांचे जुने रिव्हॉल्व्हर आता माझ्या नावावर झाले आहे. नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ अशी अक्षरे आहेत, नळी पाच इंचांची आहे, मुठीच्या तळाशी दोरी अडकवण्याची कडी आहे आणि तिच्याशेजारी ‘व्ही’ हे अक्षर व त्यापुढे सहा आकडी क्रमांक आहे. मूळ रंग पार उडालेला दिसतो. सगळे रिव्हॉल्व्हर राखाडी आणि निस्तेज झाले आहे. ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेले होते आणि सोबत .३८ स्पेशल काडतुसांची अर्धी पेटी होती. ती काडतुसे सिलिंडरमध्ये, म्हणजे सहा कप्प्यांच्या फिरत्या नळकांड्यात, पूर्ण आत बसतात, हे मी पाहिले आहे. मी नेमबाजी क्लबचा सदस्य असल्याने अधूनमधून ते झाडावे अशी इच्छा आहे. एका कारागिराने ते नव्यासारखे काळेभोर करून देण्याची तयारी दाखवली आहे, तर एका संग्राहकाने आहे त्या स्थितीत विकत मागितले आहे. ते झाडणे सुरक्षित आहे का, त्याची किंमत किती धरावी, आणि विकायचे झाल्यास आधी नवा मुलामा द्यावा का, याबाबत मार्गदर्शन करावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांत चूक झाली तर ती कदाचित सुधारता येईल, तिसऱ्यातली चूक कधीच सुधारता येणार नाही. नवा मुलामा देऊ नका. कारागिराला नम्रपणे नकार कळवा, आणि तुम्ही स्वतः पॉलिशचा कपडा, वाळूचा कागद किंवा गंज काढणारे रसायन हाती घेतले असेल तर ते आत्ताच खाली ठेवा.

याचे कारण तुमच्याच वर्णनात दडलेले आहे. तुम्ही म्हणता की रंग उडून राखाडी झाला आहे. माझा अंदाज असा आहे की तो उडालेला नसून मुळातच तसा आहे. क्रमांकाआधीचे ‘व्ही’ म्हणजे ‘व्हिक्टरी’, म्हणजेच दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने लष्करासाठी घाऊक प्रमाणात बनवलेले रिव्हॉल्व्हर. कंपनीचे हे मध्यम आकाराचे मॉडेल १८९९ पासून चालत आले होते. त्याचे क्रमांक १९४२ मध्ये दहा लाखांवर पोचले, तेव्हा नव्याने मोजणी सुरू करताना पुढे ‘व्ही’ लावण्यात आला. शांततेच्या काळात याच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची निळसर काळी झळाळी आरशासारखी असे, पण युद्धात तेवढा वेळ कोणाकडे होता? पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याऐवजी तो खरबरीतच ठेवून त्यावर फॉस्फेटचा मुलामा देत, आणि तो राखाडी, काळपट, अजिबात न चमकणारा असे. अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीवरही नक्षी नसे, फळ्या साध्या, सपाट असत. तेव्हा ज्याला तुम्ही झीज समजत आहात तो बहुधा या वस्तूचा जन्मजात रंग आहे, आणि तुमचा कारागीर जे ‘नव्यासारखे’ करून देणार आहे तसे ते नवे असतानाही नव्हते.

नवा मुलामा चढवण्याआधी धातू घासावा लागतो आणि घासताना तीन गोष्टी जातात: कडांची धार, कोरलेल्या अक्षरांची खोली आणि स्क्रूच्या भोकांचा नेमका काठ. जाणकार माणूस रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर आधी याच तीन ठिकाणी पाहतो. प्रकाश तिरपा पडू दिला की घासलेल्या फ्रेमवर स्क्रूभोवती बशीसारखा हलका खोलगटपणा दिसतो, अक्षरांच्या कडा लोण्यात उमटवल्यासारख्या मऊ वाटतात, आणि काळ्या रंगाखाली गंजाचे जुने खड्डे दिसतात. खड्ड्यांच्या तळापर्यंत ताजा रंग पोचलेला असेल तर तो गंजानंतर चढवला आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. संग्रहाला सुरुवात केली त्या काळात एका विक्रेत्याकडून मी निकेलचा मुलामा असलेले याच कंपनीचे एक जुने नागरी रिव्हॉल्व्हर मोठ्या हौसेने घेतले होते. इतके चकचकीत की त्यात तोंड दिसावे. घरी आणून दिव्याखाली धरले तेव्हा लक्षात आले की घोडा (मागून काडतुसावर आदळणारा भाग) आणि चाप (बोटाने ओढायचा भाग) हे दोन्हीही निकेलचेच आहेत. त्या काळी कारखाना रिव्हॉल्व्हर निकेलचे बनवो की काळे, घोडा आणि चाप यांना मुलामा देत नसे. पृष्ठभाग कडक करण्याच्या भट्टीतून बाहेर येताना त्यांच्यावर तपकिरी-निळ्या रंगांची जी ढगाळ छटा येई, तीच राहू देत. माझ्या रिव्हॉल्व्हरवर ती छटा नव्हती, म्हणजे कोणीतरी सगळे भाग सुटे करून सरसकट मुलाम्याच्या टाकीत बुडवले होते. ते रिव्हॉल्व्हर आजही माझ्याकडेच आहे; जो घ्यायला येतो तो सगळ्यात आधी घोडाच पाहतो.

आता ते झाडण्याविषयी. येथे मला तुमच्या पत्रातले एक वाक्य खटकले, आणि तुम्ही ते समाधानाने लिहिले आहे म्हणून अधिकच खटकले: ‘.३८ स्पेशल काडतुसे पूर्ण आत बसतात.’

व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर मुख्यतः दोन प्रकारांत बनली. अमेरिकेच्या स्वतःच्या सैन्यासाठी बनवलेली बहुतेक चार इंची नळीची आणि .३८ स्पेशल काडतुसाची होती. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील सैन्यांसाठी बनवलेली, साडेपाच लाखांहून अधिक, ही प्रामुख्याने पाच इंची नळीची आणि ब्रिटिशांच्या .३८/२०० काडतुसाची होती. हे काडतूस म्हणजे मापाने जुने .३८ स्मिथ अँड वेसनच. फक्त त्यात २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, जड आणि संथ गोळी भरलेली असे. नावात दोन्हीकडे .३८ असल्याने ही काडतुसे सख्खी भावंडे वाटतात, पण त्यांच्यात भाऊबंदकी आहे. .३८ स्मिथ अँड वेसनची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, आखूड आणि जाड असते, लांबी सुमारे १९.७ मिलिमीटर; .३८ स्पेशलची पुंगळी बारीक आणि लांब, सुमारे २९.३ मिलिमीटर. ब्रिटिश मापाच्या अस्सल सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल घातले तर आतल्या पायरीला पुंगळीचे तोंड अडते आणि काडतुसाचा मागचा भाग बाहेरच राहतो. तुमच्याकडे तसे होत नाही.

म्हणजे शक्यता दोनच उरतात. एकतर तुमचे रिव्हॉल्व्हर मुळातच .३८ स्पेशलचे आहे, किंवा ते ब्रिटिश मापाचे असून युद्धानंतर कोणीतरी सिलिंडरचे सहाही कप्पे आतून कोरून लांब केले आहेत. पाच इंची नळी पाहता मला दुसरीच शक्यता दाट वाटते. सैन्याने मोडीत काढलेली ही हजारो रिव्हॉल्व्हर बाजारात आली तेव्हा .३८ स्पेशल काडतूस सहज मिळत होते आणि मूळ काडतूस मिळत नव्हते, म्हणून व्यापाऱ्यांनी हा सोपा उपाय शोधला. कप्पा कोरून लांब करता येतो, अरुंद मात्र करता येत नाही. त्यामुळे अशा सिलिंडरच्या मागच्या भागात बारीक पुंगळीभोवती जवळजवळ ०.१८ मिलिमीटर मोकळी जागा राहते, काडतूस उडाले की पुंगळी तेवढी फुगते आणि कधीकधी उभी चिरते.

हे ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. मामांच्या पेटीतच एखादी रिकामी पुंगळी सापडली तर ती टेबलावर आडवी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर पाहा. तिच्या बुडाच्या कडेपासून थोडे वर पोट सुटल्यासारखा फुगवटा दिसला आणि पुढचा भाग सडपातळ राहिला असेल, तर सिलिंडर कोरलेले आहे. पुंगळी नसेल तर रिकाम्या कप्प्यात मागून प्रकाशाकडे पाहा. सिलिंडर कोरलेले असेल तर पुंगळी बसते त्या जागेतच दोन वेगळ्या रुंदीचे भाग आणि पहिली पायरी जेथे असायला हवी तेथे पुसट कडा दिसेल. नळीवर छापलेल्या मापावर विसंबू नका, कारण सिलिंडर कोरणारा नळीवरची अक्षरे बदलत बसत नाही. ब्रिटनमधून विक्रीस गेलेल्या शस्त्रांवर तेथील चाचणीगृहाचे ठसे असतात आणि त्यांत पुंगळीची लांबी इंचांत दिलेली असते, ‘.७६७’ हा आकडा दिसला तर ते शस्त्र आखूड काडतुसासाठी तपासलेले होते असे समजावे.

कोरलेले निघाले तर ते झाडावे का? बरेच जण झाडतात आणि त्यांचे हातपाय शाबूत आहेत, हे मला ठाऊक आहे. माझे मत विचाराल तर मी झाडणार नाही. सिलिंडरची भिंत कोरणाऱ्याने किती पातळ केली, त्याचे हत्यार सरळ गेले की तिरपे, याची कोणतीही नोंद तुमच्याकडे नाही. त्याहून मोठा धोका .३५७ मॅग्नम या अधिक ताकदीच्या काडतुसाचा आहे. १९३५ साली हे काडतूस आणताना त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली गेली, ती मुख्यतः जुन्या, कमी ताकदीच्या सिलिंडरमध्ये ती बसूच नये म्हणून. ज्याने कप्पा पायरी न ठेवता आरपार सरळ कोरला त्याने ही आडकाठीच काढून टाकली. क्लबमध्ये शेजारच्या टेबलावरची पेटी चुकून उचलली जाणे ही काही अघटित गोष्ट नाही.

नावाच्या साधर्म्यातून होणारा हा घोटाळा एकट्या व्हिक्टरीपुरता नाही. पहिल्या महायुद्धातील वेब्ली मार्क सहा हे .४५५ काडतुसाचे भरभक्कम रिव्हॉल्व्हर; त्याच्या सिलिंडरचा मागचा भाग छिलून त्यात अर्धचंद्राकृती क्लिपसह .४५ एसीपी काडतुसे बसवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. काडतुसे व्यवस्थित बसतात, पण कारखान्यात भरलेल्या .४५ एसीपीचा दाब वेब्लीला सोसवेल त्यापेक्षा बराच जास्त असतो. १८७३ च्या कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मीची कथा निराळी आहे. तेथे काडतुसाचे माप तेच राहिले, पण सुरुवातीच्या फ्रेम काळ्या दारूच्या जमान्यातील होत्या आणि धूरविरहित दारूसाठी कोल्टने हमी दिली ती १९०० च्या सुमारास. तेव्हा काडतूस आत बसते एवढ्यावरून ते त्या शस्त्राचे आहे असा निष्कर्ष काढू नका.

समजा, तपासणीअंती तुमचे रिव्हॉल्व्हर अस्सल आणि न कोरलेले निघाले, मग ते कोणत्याही मापाचे असो. तर ते योग्य काडतुसाने झाडायला माझी हरकत नाही. फक्त आधी एखाद्या अनुभवी गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवा, आणि त्याच्याकडे नेण्यापूर्वी घरी पुढील गोष्टी स्वतः पाहा, म्हणजे तो काय सांगतो ते तुम्हाला कळेल. सिलिंडर उघडून सहाही कप्पे रिकामे आहेत याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करा. मग सिलिंडर बंद करून त्यावर एका बोटाने अगदी हलका अटकाव ठेवा आणि घोडा अंगठ्याने अतिशय सावकाश मागे घ्या. सिलिंडर फिरेल आणि खालचा खटका त्याच्या खाचेत पडल्याचा आवाज येईल. हा आवाज घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आधी किंवा फार तर त्याच क्षणी यायला हवा. घोडा अडकला आणि खटका अजून खाचेत पडलेला नाही, असे सहांपैकी एकाही कप्प्याला झाले, तर कप्पा नळीच्या तोंडासमोर नीट आलेला नसताना गोळी सुटू शकते आणि तिच्या शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते लागतात.

घोडा मागे अडकवलेला असताना अंगठ्याने त्याला पुढे जोर द्या; तो निसटला तर आतल्या कडा झिजल्या आहेत किंवा कोणीतरी चाप हलका करण्याच्या नादात त्या घासल्या आहेत. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर चिंता नाही. नळीच्या मागे पांढरा कागद धरून पुढून आत पाहा. खोल खड्डे निराळे, पण सगळीकडून गोल फिरलेली एखादी काळी कडी दिसली तर तेथे नळी फुगलेली आहे. कमी दारूची गोळी आत अडकली असताना मागून दुसरी सोडली की हे होते. अशी नळी पुन्हा वापरू नये.

आणखी एक गोष्ट तुमच्याच मॉडेलची आहे. घोडा चुकून काडतुसावर आदळू नये म्हणून आत जो अडसर असतो, तो सुरुवातीच्या व्हिक्टरीमध्ये पुरेसा भरवशाचा नव्हता. १९४४ मध्ये अशा एका रिव्हॉल्व्हरचा जहाजाच्या डेकवर पडून बार उडाला आणि एक अमेरिकन नौसैनिक ठार झाला. त्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने अडसराची रचना बदलली आणि सुधारित शस्त्रांच्या क्रमांकात ‘व्ही’सोबत ‘एस’ जोडले. तुमच्या क्रमांकात एकटा ‘व्ही’ आहे, तेव्हा हे शस्त्र जुन्या रचनेचे समजा आणि क्लबमध्ये ते भरताना पाचच काडतुसे भरून घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवा.

सिलिंडर बंद करताना मनगटाला झटका देऊन ते आत आपटण्याची जी ढब पडद्यावर दिसते ती कृपया विसरा. ज्या दांड्यावर सिलिंडर झुलते तो त्याने वाकतो, आणि वर सांगितलेली खटक्याची सगळी मापे बिघडतात. मामांच्या पेटीतली काडतुसे झाडू नका. ती युद्धकाळातील असतील तर त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीत, पोटॅशियम क्लोरेट असण्याची शक्यता आहे. बार उडाल्यावर त्याचे मीठ नळीत बसते, हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीतून गंज चढवते. तेलाने ते निघत नाही. कधी अशी काडतुसे वापरली गेलीच तर नळी आणि कप्पे आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून, मगच तेल लावावे लागते. पेटी मात्र टाकू नका, जपून ठेवा. जुन्या काडतुसांच्या पेट्यांचेही संग्राहक असतात.

किमतीचा प्रश्न तुम्ही एका आकड्याच्या अपेक्षेने विचारला आहे, आणि मी आकडा देणार नाही. वस्तू हातात न घेता दिलेला आकडा हा अंदाजही नसतो. शिवाय एकाच रिव्हॉल्व्हरच्या किमान तीन किमती असतात: विमा उतरवताना धरायची, लिलावात प्रत्यक्ष मिळणारी, आणि व्यापारी रोख देईल ती, तिसरी पहिलीच्या निम्म्यावरही येऊ शकते आणि त्यात व्यापाऱ्याची लबाडी असतेच असे नाही, त्यालाही ते विकायचे असते. जाहिरातीत मागितलेल्या किमती पाहू नका, त्या इच्छा असतात. झालेल्या लिलावांचे निकाल पाहा, आणि तेही तुमच्याच प्रकारच्या, तुमच्याच स्थितीतील शस्त्रांचे.

स्थिती मोजताना संग्राहक मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे ते पाहतात, पण त्याआधी भाग मूळचे आहेत का ते पाहतात. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा मुठीच्या तळावरचा क्रमांक सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला, पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी जेथे बसते त्या खोबणीत, पुन्हा सापडायला हवा. सगळीकडे तोच क्रमांक असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे. नळीवरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा उंचवटा, तिच्याच धातूतून घडवलेली, अर्धगोल असायला हवी. ती वेगळी जोडलेली वाटली किंवा नळीवरची अक्षरे मध्यभागी न राहता टोकाकडे सरकलेली दिसली, तर नळी कापलेली आहे. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर अमेरिकी सरकारच्या मालकीचा शिक्का, आणि त्याच्या जोडीला ‘जी. एच. डी.’ ही लष्करी तपासनिसाची आद्याक्षरे असू शकतात. हे शिक्के ज्यांनी घासून काढले त्यांना वाटले असेल की आपण शस्त्र देखणे केले.

तुमचे मॉडेल दुर्मीळ नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. लाखोंनी बनलेली वस्तू केवळ जुनी झाली म्हणून महाग होत नाही. पण त्या लाखांतली किती कोरली गेली, कापली गेली, चकचकीत केली गेली, याचा विचार केला की जी हात न लावता राहिली ती उठून दिसतात. म्हणूनच त्या संग्राहकाच्या निरोपातले ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात; त्याला ते राखाडी रूप हवे आहे, म्हणजे आपण काय पाहत आहोत हे त्याला कळलेले आहे. घाईने होकार देऊ नका, आणि सिलिंडर कोरलेले आहे असे आढळले तर ते त्याच्यापासून लपवूही नका.

किंमत वाढवणारी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शस्त्रामागची कथा. येथे बाजार कधीकधी अक्षरशः वेडा होतो. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये ज्या कोल्टने कुख्यात गुन्हेगार बिली द किडला मारले ते रिव्हॉल्व्हर २०२१ च्या ऑगस्टमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. तसेच दुसरे कोल्ट, केवळ शस्त्र म्हणून पाहिले तर, त्याच्या जवळपासही जाणार नाही. फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनने १८७३ मध्ये ब्रुसेल्सच्या हॉटेलात आर्थर रँबोवर ज्या लहानशा, ७ मिलिमीटरच्या लफोशो जातीच्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडली ते २०१६ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना विकले गेले. त्याच जातीचे, शेतात सापडलेले, गंजून पार सांगाडा झालेले एक रिव्हॉल्व्हर व्हॅन गॉगने स्वतःवर झाडले असावे अशी समजूत आहे. २०१९ मध्ये त्याला १,६२,५०० युरो मिळाले. त्यातून गोळी सुटण्याचा प्रश्नच नाही.

पण या तिन्ही ठिकाणी कथेला काहीतरी आधार होता: गॅरेट आणि व्हर्लेन यांच्याबाबतीत कागदपत्रे, तिसऱ्याच्या बाबतीत सापडल्याची जागा. ‘घरात असे सांगतात’ याला लिलावात फारशी किंमत नाही. मामा सैन्यात होते की नव्हते, रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे कोठून आले, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. मामी किंवा मामांचे कोणी समवयस्क हयात असतील तर त्यांना आजच विचारा. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि जुना परवाना, खरेदीची पावती, गणवेशातला फोटो, जे काही सापडेल ते त्या कागदाबरोबर ठेवा. कारखान्याच्या बाजूने पाहायचे तर स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून त्यांचे ऐतिहासिक प्रतिष्ठान शुल्क घेऊन पत्र देते; शस्त्र कोणत्या तारखेला, कोणाकडे रवाना झाले ते त्यात असते. कोल्टचीही अशीच सोय आहे. व्हिक्टरीच्या बाबतीत उत्तर बहुधा एखाद्या लष्करी भांडाराचे येईल, त्यात कादंबरी नसेल, पण मूळ काडतूस कोणते आणि नळी किती लांबीची, हा आपला सगळा वाद त्याने मिटू शकतो.

जपणुकीबद्दल थोडेच सांगतो. होल्स्टर आणि रिव्हॉल्व्हर वेगळे ठेवा. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेली आम्ले धातू खातात. होल्स्टर फेकू मात्र नका. हाताळल्यावर बोटांचे ठसे मऊ कपड्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात द्या. दीर्घकाळ ठेवायचे असेल तर संग्रहालये वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण तेलापेक्षा बरे. निकेलचे एखादे शस्त्र कधी घेतलेत तर अमोनिया असलेले नळी साफ करण्याचे द्रव त्याला लावू नका, कारण निकेलखाली बहुधा तांब्याचा थर असतो आणि अमोनिया तांबे खातो.

कायद्याचे सोपस्कार तुम्ही पूर्ण केले आहेत, त्यामुळे त्यात शिरत नाही. एवढेच लक्षात ठेवा की विकताना घेणाऱ्याचा परवाना आणि हस्तांतराची नोंद हे दोन्ही तुमच्या राहत्या देशाच्या नियमांनुसार, वस्तू हातातून जाण्याआधी व्हायला हवे. ‘जुने आहे, त्याला कोण विचारतो’ असे सांगणारे भेटतील. अमेरिकेत प्राचीन शस्त्र म्हणून सवलत मिळते ती १८९८ पर्यंत बनलेल्यांना. ब्रिटनमध्ये १९९७ पासून बहुतेक हँडगन बाळगण्यावर बंदी असून ऐतिहासिक शस्त्रांसाठी मोजके अपवाद आहेत. तुमचे व्हिक्टरी दोन्हीकडच्या हिशेबाने तरुणच ठरेल.

आता एक काम, ज्याला पाच मिनिटे लागतील. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, पाते खाचेत घट्ट बसणारे हवे, ढिले नको, आणि मुठीचा एकच स्क्रू काढा. फळ्या निघाल्या की उजव्या फळीची आतली बाजू पाहा. तेथे ठशाने किंवा पेन्सिलने लिहिलेला क्रमांक असायला हवा. फ्रेमच्या बाजूची झाकणी मात्र उघडू नका. फळीवरचा क्रमांक, नळीखालचा क्रमांक आणि सिलिंडरवरचा क्रमांक यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि एखादी रिकामी पुंगळी सापडली तर तिचाही फोटो मला पाठवा. तिचे पोट सुटले आहे की नाही, हे मला पाहायचे आहे.